नावाने हाक मारली तर ओ कोण देतं?

एका छोट्या पतसंस्थेचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम डोळ्यांसमोर आणा. त्यात बचत खाते, मुदत ठेव आणि कर्ज असे तीन प्रकारचे ऑब्जेक्ट आहेत. महिनाअखेरीला कोणत्या खात्यावर काय करायचे, ते एका साध्या फाइलमध्ये लिहिलेले असते. एका ओळीवर खाते क्रमांक आणि त्यापुढे एक शब्द: व्याज, शिल्लक किंवा हप्ता. फाइल कारकून भरतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला कोणत्या ओळीवर कोणता शब्द येणार हे आधी माहीत नसते, आणि प्रोग्रॅमच्या हाती लागते ती नुसती अक्षरांची माळ, म्हणजे स्ट्रिंग. त्या स्ट्रिंगवरून समोरच्या ऑब्जेक्टची त्याच नावाची मेथड, म्हणजे त्याच्यासाठी लिहिलेली कृती, चालवायची कशी?

पायथन लिहिणारे म्हणतील, गेटॲट्र आहे. रूबीत सेंड आहे, स्मॉलटॉकमध्ये परफॉर्म आहे. लिस्प या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या घराण्यात (कॉमन लिस्प, रॅकेट, क्लोजर ही त्यातली घरे) मात्र या प्रश्नाला प्रत्येक घरी वेगळे उत्तर मिळते. ते वेगळे का, हे शोधायला गेलो तेव्हा मला लिस्प खऱ्या अर्थाने कळायला लागली, म्हणून हा विषय मला जवळचा वाटतो.

पुढे कोडचे तुकडे येतील. लिस्पचे मूळ शब्द मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. स्वतः करून पाहताना ते रोमनमध्ये टाइप करा. व्याज, हप्ता, मुदत-ठेव ही आपली नावे मात्र खरोखर देवनागरीत ठेवता येतात. एसबीसीएल ही कॉमन लिस्पची प्रणाली ती कसलीही कुरकुर न करता स्वीकारते.

सुरुवात नावापासून करू. बऱ्याच भाषांमध्ये प्रोग्रॅम कंपाइल झाला की फंक्शनच्या नावाचे काम संपते. ते प्रोग्रॅमरच्या सोयीपुरते असते. लिस्पमध्ये नाव ही स्वतःच एक वस्तू आहे. तिला सिम्बॉल म्हणतात. ती यादीत ठेवता येते, व्हेरिएबलमध्ये घालता येते, एका फंक्शनकडून दुसऱ्याकडे देता येते. जॉन मॅकार्थी यांनी 1958 मध्ये एमआयटीत लिस्पचे काम सुरू केले, तेव्हापासून सिम्बॉल या भाषेच्या केंद्रस्थानी आहे. कॉमन लिस्पमधला सिम्बॉल म्हणजे कार्यालयातली एक फाइल समजा, आत पाच कप्पे असलेली. एका कप्प्यात नावाची अक्षरे, दुसऱ्यात हे नाव कोणत्या पॅकेजचे, म्हणजे नावांच्या कोणत्या गटातले, त्याची नोंद, तिसऱ्यात व्हेरिएबल म्हणून असलेली किंमत, चौथ्यात फंक्शन, आणि पाचव्यात किरकोळ नोंदींची यादी. आपल्याला हवा आहे तो चौथा कप्पा.

नेहमीच्या पद्धतीने व्याज काढायचे तर आपण असे लिहितो:

(व्याज क)

इथे व्याज हा शब्द कोडमध्ये लिहून पक्का झालेला आहे. आता हेच पाहा:

(लेट ((काम 'व्याज))
  (फनकॉल काम क))

व्याजच्या आधी एक खूण आहे, एकेरी अवतरणचिन्हासारखी. तिचा अर्थ: याची किंमत काढू नको, हे नावच मला दे. ते नाव ‘काम’ या व्हेरिएबलमध्ये गेले. फनकॉलने त्या नावाची, म्हणजे सिम्बॉलची, फाइल उघडली, चौथ्या कप्प्यातले फंक्शन काढले आणि क हे खाते देऊन चालवले. ‘काम’मध्ये हप्ता हे नाव असते तर हप्ता चालले असते. खात्याखेरीज आणखी माहिती द्यायची असेल आणि ती यादीच्या रूपात हाती असेल, तर फनकॉलच्या जागी अप्लाय वापरायचे.

यात एक बारकावा आहे. फनकॉलला सिम्बॉल दिला तर फंक्शन त्या क्षणी शोधले जाते. आधीच फंक्शन काढून हातात धरून ठेवले, आणि दरम्यान कोणी त्याच नावाचे साधे फंक्शन नव्याने लिहिले, तर तुमच्या हातात जुनेच राहते. चालू प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती करायची सवय असलेल्या लिस्पवाल्यांना म्हणूनच सिम्बॉल सोयीचा वाटतो.

पण हे तर फंक्शन झाले, मेथड कुठे आहे? जावा किंवा पायथनहून आलेला प्रत्येक जण इथे अडतो. तिकडे मेथड क्लासच्या, म्हणजे ऑब्जेक्टच्या प्रकाराच्या, घरात राहते. ऑब्जेक्टला विचारायचे, तुझ्याकडे व्याज आहे का, आणि ती त्याच्याकडून मागून घ्यायची. कॉमन लिस्पच्या ऑब्जेक्ट प्रणालीत, म्हणजे क्लॉसमध्ये, मेथड क्लासच्या घरी राहत नाही. ती राहते जेनेरिक फंक्शनच्या घरी.

(डेफजेनेरिक व्याज (खाते))
(डेफमेथड व्याज ((खाते बचत-खाते)) ...)
(डेफमेथड व्याज ((खाते मुदत-ठेव)) ...)
(डेफमेथड व्याज ((खाते कर्ज)) ...)

पतसंस्थेच्या कार्यालयात ‘व्याज’ अशी पाटी असलेली एक खिडकी आहे असे धरा. तुम्ही तिथे पासबुक सरकवता. आतला माणूस पासबुक कशाचे आहे ते पाहतो आणि बचतीवाल्याकडे, ठेवीवाल्याकडे किंवा कर्जवाल्याकडे पाठवतो. खिडकी एकच, आत टेबले तीन. बाहेरून पाहणाऱ्याला ती खिडकी साध्या फंक्शनसारखीच दिसते, म्हणून फनकॉललाही ती फंक्शन म्हणूनच चालते. त्यामुळे कॉमन लिस्पमध्ये नावावरून मेथड चालवण्यासाठी वेगळी यंत्रणाच लागत नाही. खिडकी नावाने शोधायची. टेबल निवडणे हे खिडकीचे काम.

खिडकीची ही कल्पना आणखी एका ठिकाणी उपयोगी पडते. बचत खात्यातली रक्कम मुदत ठेवीत वर्ग करायची आहे. ही मेथड कोणाची, बचतीची की ठेवीची? मेथड क्लासच्या घरी राहते त्या भाषांमध्ये यावर वाद घालावा लागतो. क्लॉसमध्ये खिडकी दोन्ही कागद पाहते आणि त्या जोडीसाठी असलेले टेबल निवडते. नावाने हाक मारताना ‘कोणाची मेथड’ हा प्रश्न उरतच नाही.

हे सुरुवातीपासून असे नव्हते. 1980 च्या आगेमागे एमआयटीच्या लिस्प मशीनवर, म्हणजे खास लिस्पसाठी बनवलेल्या संगणकावर, हॉवर्ड कॅनन यांनी फ्लेवर्स नावाची ऑब्जेक्ट प्रणाली तयार केली. तिच्यात ऑब्जेक्टला निरोप धाडायचा असे: सेंड, मग ऑब्जेक्ट, मग निरोपाचे नाव. ते नाव म्हणजे एक साधी किंमत होती, त्यामुळे तिथे व्हेरिएबल ठेवले तरी चालायचे. नावाने हाक मारण्याची सोय जणू फुकटात मिळालेली. मग ती सोडली का? कारण सेंड हे इतर लिस्पशी नीट जुळत नव्हते. यादीतल्या प्रत्येक वस्तूवर एखादे फंक्शन चालवणारे मॅपकार निरोपाचे नाव ओळखत नाही, त्याला फंक्शन लागते. सिम्बॉलिक्स कंपनीने सुधारलेल्या फ्लेवर्समध्ये आणि झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात तयार झालेल्या कॉमनलूप्समध्ये निरोपाची जागा जेनेरिक फंक्शनने घेतली. दोन्हींच्या अनुभवातून 1988 मध्ये क्लॉसचा आराखडा ठरला आणि 1994 च्या ॲन्सी कॉमन लिस्प प्रमाणात तो आला.

घराण्यातल्या इतरांकडेही डोकावू. रॅकेटमध्ये सेंड आहे, पण फ्लेवर्ससारखे नाही. (सेंड क व्याज) असे लिहिले तर व्याज हा शब्द जसाच्या तसा मेथडचे नाव मानला जातो. त्या जागी ‘काम’ हे व्हेरिएबल लिहिले, तर रॅकेट ‘काम’ नावाचीच मेथड शोधत बसते. आत काय ठेवले आहे ते ती पाहत नाही. यासाठी वेगळे डायनॅमिक-सेंड दिले आहे:

(डायनॅमिक-सेंड क काम)

इथे ‘काम’ची किंमत काढली जाते, आणि तिथे सिम्बॉल असावा लागतो. दोन वेगळी नावे ठेवल्याने कोड वाचणाऱ्याला एका नजरेत कळते की इथे कोणती मेथड चालणार हे प्रोग्रॅम चालू झाल्यावरच ठरणार आहे. मला ही स्पष्टता फार आवडते.

रिच हिकी यांनी 2007 मध्ये लोकांसमोर आणलेली क्लोजर जावाच्या यंत्रावर चालते, आणि तिथे घोळ होतो. क्लोजरची स्वतःची फंक्शन्स, मल्टिमेथड, प्रोटोकॉल यांना नावाने हाक मारणे सोपे आहे: सिम्बॉल घ्या, रिझॉल्व्ह करा, चालवा. जावाच्या ऑब्जेक्टची मेथड मात्र डॉट लावून चालवतात, आणि डॉटनंतरचा शब्द रॅकेटच्या सेंडसारखाच जसाच्या तसा घेतला जातो. नवशिक्यांना वाटते की मॅक्रो, म्हणजे कोड तयार करून देणारा कोड, लिहून हे सुटेल. सुटत नाही, कारण मॅक्रो कंपाइल होताना उलगडतो आणि आपला शब्द तर फाइल वाचल्यावर कळणार असतो. मग क्लोजरच्या आतल्या रिफ्लेक्टर या क्लासची इन्व्होक-इन्स्टन्स-मेथड वापरावी लागते: तिला ऑब्जेक्ट, मेथडच्या नावाची स्ट्रिंग आणि उरलेल्या माहितीचा ॲरे द्यायचा. चालते, पण प्रत्येक हाकेला नाव आणि प्रकार जुळवत शोध घ्यावा लागतो, त्यामुळे वेळ जास्त जातो. मेथड पाच-सातच असतील तर मी तसे करत नाही. स्ट्रिंगपुढे फंक्शन अशी एक मॅप लिहितो आणि तिच्यात बघतो.

आता परत पतसंस्थेत. आतापर्यंत सिम्बॉल आपल्या हाती होता. फाइलमधून येते ती स्ट्रिंग. स्ट्रिंगवरून सिम्बॉल मिळवायचे दोन मार्ग आहेत. फाइंड-सिम्बॉल असलेला सिम्बॉल शोधून देते. इंटर्न शोधते, आणि सापडला नाही तर त्या नावाचा नवा तयार करते. अनेक जण सवयीने इंटर्न वापरतात. बाहेरून आलेल्या शब्दांसाठी ते चुकीचे आहे. कारकुनाने ‘व्यज’ असे चुकून लिहिले तरी त्या नावाचा एक रिकामा सिम्बॉल पॅकेजमध्ये तयार होतो आणि तिथेच राहतो. चुका जितक्या, तितके सिम्बॉल.

रोमन नावे वापरणाऱ्यांना इथे आणखी एक खड्डा लागतो. कॉमन लिस्पचा रीडर कोड वाचताना नावे मोठ्या लिपीत, म्हणजे कॅपिटल अक्षरांत बदलून घेतो. फाइंड-सिम्बॉल काहीच बदलत नाही. म्हणून छोट्या लिपीतला टोटल शोधला तर सापडत नाही, जरी कोडमध्ये तुम्ही तो छोट्या लिपीतच लिहिला असला तरी. देवनागरीत मोठी-छोटी अक्षरे नाहीत, त्यामुळे हा त्रास आपल्याला होत नाही.

आपला त्रास वेगळा आहे, आणि तो ऱ्याचा आहे. ‘साऱ्या-नोंदी’ असे फंक्शन असेल तर त्यातला अर्धा ऱ तीन प्रकारे टाइप होऊ शकतो. युनिकोडमध्ये ऱ हे एक सबंध अक्षर आहे. तोच र आणि नुक्ता असे दोन तुकडे जोडूनही तयार होतो. काही कीबोर्ड र, हलन्त आणि पडद्यावर न दिसणारा जोडचिन्ह असे तीन तुकडे देतात. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात, यंत्राला तिन्ही वेगळे. एसबीसीएलचा रीडर कोड वाचताना नावे एका ठरावीक रूपात आणतो, त्यात पहिले दोन प्रकार एक होतात. इंटर्न आणि तिच्या बहिणी हे करत नाहीत. म्हणून बाहेरून आलेली स्ट्रिंग शोधण्याआधी आपणच नॉर्मलाइझ-स्ट्रिंगमधून त्याच रूपात आणायची. तिसरा प्रकार यानेही सुटत नाही. तो न दिसणारा तुकडा असलेल्या जोडण्या हाताने बदलाव्या लागतात.

पॅकेजची चूक यापेक्षाही जास्त जणांना भोवते. सिम्बॉल नुसत्या अक्षरांनी ओळखला जात नाही, पॅकेज आणि अक्षरे मिळून ओळखला जातो. दोन गावांत एकाच नावाचे दोन माणूस असावेत तसे. पॅकेज सांगितले नाही, तर इंटर्न आणि फाइंड-सिम्बॉल त्या क्षणी चालू असलेले पॅकेज धरतात. मी एकदा असाच प्रोग्रॅम लिहिला होता. लिहिताना मी पतसंस्थेच्या पॅकेजमध्ये होतो, सगळे चाचण्यांसकट चालले. मग त्याची स्वतंत्र चालणारी फाइल तयार केली, आणि पहिल्याच ओळीला ‘व्याज नावाचे फंक्शन नाही’ असा संदेश. फंक्शन डोळ्यांसमोर होते. पूर्ण संध्याकाळ गेल्यावर लक्षात आले की माझी तयार फाइल चालली तेव्हा चालू पॅकेज सीएल-यूजर, म्हणजे लिस्पचे मूळचे पॅकेज, होते, आणि माझ्या इंटर्नने तिथे व्याज नावाचा नवाकोरा, रिकामा सिम्बॉल उभा केला होता. तेव्हापासून पॅकेजचे नाव लिहिल्याशिवाय मी या दोन्ही फंक्शनना हात लावत नाही.

इव्हॅलचाही उल्लेख करायला हवा, कारण शोधाशोध करताना कोणीतरी तो सुचवतोच: स्ट्रिंग जोडून कोड बनवा, रीड करा, इव्हॅल करा. हे करू नका. इव्हॅलला तुमची स्थानिक व्हेरिएबल्स दिसत नाहीत, एसबीसीएल बऱ्याचदा तो तुकडा नव्याने कंपाइल करते, आणि मुख्य म्हणजे रीडरला दिलेल्या स्ट्रिंगमध्ये विशिष्ट खूण असेल तर नुसते वाचतानाच कोड चालू शकतो. पैशांच्या हिशेबात बाहेरून आलेली स्ट्रिंग अशी वाचणे धोक्याचे आहे.

धोका फनकॉलमध्येही आहे. फाइलमधल्या शब्दावरून कोणतेही फंक्शन चालत असेल, तर कोणीतरी ‘खाते-पुसा’ लिहील आणि तेही चालेल. कोणत्या नावांना ओ द्यायची हे आपण ठरवले पाहिजे. याचे सुंदर उदाहरण ईमॅक्स या लिस्पवर उभ्या असलेल्या मजकूर-संपादकात आहे. मेटा आणि एक्स दाबून कमांडचे नाव टाइप केले की ईमॅक्स त्या नावाचा सिम्बॉल शोधून चालवतो. म्हणजे हा संपादक वापरणारा प्रत्येक जण रोज नावाने हाक मारत असतो. ईमॅक्समध्ये फंक्शन्स हजारो आहेत, पण तिथून चालतात ती फक्त इंटरॲक्टिव्ह अशी खूण असलेली. बाकीच्यांना त्या दारातून प्रवेश नाही.

कॉमन लिस्पमध्ये ही खूण पॅकेजकडूनच मिळवता येते. ‘सेवा’ नावाचे वेगळे पॅकेज करायचे आणि कारकुनाला जी कामे खुली आहेत, फक्त त्यांचीच नावे त्यातून एक्स्पोर्ट करायची. फाइंड-सिम्बॉल दोन उत्तरे देते: सिम्बॉल, आणि त्याची स्थिती. एक्स्पोर्ट केलेल्याची स्थिती एक्स्टर्नल अशी येते.

(डेफन हाक (नाव वस्तू &रेस्ट इतर)
  (मल्टिपल-व्हॅल्यू-बाइंड (काम स्थिती)
      (फाइंड-सिम्बॉल नाव :सेवा)
    (इफ (इक्यू स्थिती :एक्स्टर्नल)
        (अप्लाय काम वस्तू इतर)
        (एरर "अशी सेवा नाही: ~ए" नाव))))

दुसरे उत्तर पाहणे आवश्यक आहे. निल हाही एक सिम्बॉल आहे, त्यामुळे पहिल्या उत्तरात निल आले तर ‘सापडला नाही’ की ‘निल सापडला’ हे त्यावरून कळत नाही. शिवाय लिस्पकडून वारशाने आलेल्या नावांची स्थिती इनहेरिटेड असते, तीही या अटीने बाहेर राहतात. त्यांत इफसारखी नावेही असतात. ती फंक्शन्स नाहीत, त्यांना फनकॉल करताच येत नाही.

एक शक्यता राहिली. शब्द बरोबर आहे, सेवा खुली आहे, पण या खात्याला ती लागू नाही. मुदत ठेवीवर कोणी हप्ता मागितला. खिडकी आहे, आत या कागदासाठी टेबल नाही. अशा वेळी क्लॉस नो-ॲप्लिकेबल-मेथड हे जेनेरिक फंक्शन चालवते, आणि ते सहसा एरर देते. प्रोग्रॅमरला तो एरर पुरेसा असतो, कारकुनाला नाही. त्याला हवे असते की चुकले काय आणि चालेल काय. प्रत्येक सेवेला एकच खाते लागते असे धरले, तर कंप्यूट-ॲप्लिकेबल-मेथड्सला आधीच विचारून घेता येते:

(डेफन चालणाऱ्या-सेवा (वस्तू)
  (लूप फॉर काम बीइंग द एक्स्टर्नल-सिम्बॉल्स ऑफ :सेवा
        व्हेन (कंप्यूट-ॲप्लिकेबल-मेथड्स
                (एफडेफिनिशन काम) (लिस्ट वस्तू))
        कलेक्ट काम))

हे ‘सेवा’तल्या एकेका खिडकीवर जाते, खाते दाखवते, आणि जिथे टेबल आहे तिचे नाव टिपून घेते. काहीही प्रत्यक्ष चालवले जात नाही, खात्यातला एक रुपयाही हलत नाही. ‘हाक’मध्ये अप्लायच्या आधी हे पाहिले, की महिनाअखेरीच्या यादीत त्या ओळीपुढे कारकुनाला इंग्रजी एररऐवजी एवढेच दिसते: मुदत ठेवीवर हप्ता नाही, या खात्यावर व्याज आणि शिल्लक चालतील.